आमचा लंबर तिच्या मागं

आमच्या घरात धीर या विषयावर वर्षातून निदान पाच-सहा रविवार प्रवचन व्हायचं, आणि दर वेळी मला जांभई यायची. वडील ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. बोरीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, गावाबाहेरच्या वस्तीला लागून, पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तेच आमचं मंदिर. मंडळी म्हणजे दहा-बारा घरं. वडील उपासना चालवायचे आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना बाराखडी शिकवायचे, म्हणून सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची आणि आईला मास्तरीणबाई. धीराच्या प्रवचनात एक शेतकरी हमखास यायचा. तो पेरतो आणि पावसाची वाट बघतो, तशी आपण देवाची वाट बघायची, असं वडील समजावून सांगायचे. आई पुढच्या सतरंजीवर बसून सगळं ऐकायची आणि घरी आल्यावर चुलीपुढे म्हणायची, "वाट बघायलाय म्हून काय बसून ऱ्हातो का तो? कोळपं हाणतो, खुरपतो, पाखरं हाकलतो. तुमचा शेतकरी लयच निवांत हाय बघा."

वडील हसायचे. पुढच्या प्रवचनात शेतकरी पुन्हा निवांतच असायचा.

आई गेली तेव्हा प्रार्थनासभेला बाहेरून एक तरुण पाळक आले होते. त्यांनी आईला कधी पाहिलेलं नव्हतं. डोळे मिटून म्हणाले, बाई फार सोशिक होत्या, सगळं मुकाट्याने सोसलं. माझं डोकं तडकलं. मी तिथेच उठून उभी राहिले आणि म्हणाले, "सोशिक नव्हती. हट्टी होती. मुकाट्याने तर तिनं चहासुद्धा प्यायला नाही कधी." लोकांना वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. कुणीतरी मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. मला पाणी नको होतं. मला त्या माणसाला गिरणीची हकीगत सांगायची होती. तेव्हा राहिली, ती आता सांगते.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मी सातवीत होते. ज्या विद्यापीठाची पायरी आमच्या वस्तीतल्या एकानेही पाहिली नव्हती, त्याच्या नावावरून आमच्या गावातली पिठाची गिरणी बंद झाली. सगळ्यांना नाही, फक्त वस्तीला. आजूबाजूच्या गावांत घरं जळाल्याच्या बातम्या एसटीने येत होत्या. आमच्या गावाने घरं जाळली नाहीत, हे गाव अजून मोठ्या तोंडाने सांगतं. वस्तीतली कडब्याची एक गंजी पेटली, ती भर दुपारी, आणि कुणी काही पाहिलं नाही. त्यानंतर पारावर ठरलं, की वस्तीतल्या माणसाला कामाला बोलवायचं नाही, दुकानातून काडीपेटीसुद्धा द्यायची नाही आणि गिरणीत दळण घ्यायचं नाही.

गिरणी जिंतूर रस्त्याच्या कडेला होती. डिझेलचं इंजिन, पुक् पुक् आवाज, पांढऱ्या भुवयांचा गिरणीवाला. तिथला कायदा एकच. आपला डबा रांगेत ठेवायचा आणि खुशाल आपल्या कामाला जायचं. डबा म्हणजेच माणूस. पुढचा डबा उचलल्याशिवाय मागचा उचलायचा नाही, मग तो पाटलाचा असला तरी. या रांगेवरून गावात कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. फक्त रांगा दोन होत्या. गावाची आधी, आणि तिन्हीसांजेला, इंजिन बंद करायच्या वेळी, वस्तीची. आमचा शेवटचा डबा झाला, की गिरणीवाला आपल्या कणगीतली मूठभर जवारी वरून, दाणे ओतायच्या पाटात टाकायचा. त्याचं जे पीठ पडायचं ते झाडून कोंबड्यांना. म्हणजे पाट साफ झाला, सकाळी गावातल्या पहिल्या डब्याला आमचं पीठ लागायला नको. ही मूठ मी लहानपणापासून बघत आले होते. पाऊस वरून पडतो, तशी ती मूठ वरून पडते, एवढंच मला वाटायचं.

आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर होतं, तिथल्या बाईला मी मावशी म्हणायचे. ती नात्याने आईची चुलत बहीणच. आईच्या वडिलांनी प्रभूचा मार्ग धरला होता, हिच्या वडिलांनी पुढे बुद्धाचा. दोघींच्या घरात फोटो वेगळे, कालवण एक. मावशीला नवरा नव्हता. नामांतराच्या मोर्चाला वस्तीतून जे चार-पाच जण परभणीला गेले होते, त्यांत मावशी होती, बाकीचे सगळे पुरुष. त्यामुळे गावाचा राग तिच्यावर जरा जास्तच होता.

बहिष्कार सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. गावातले एक वजनदार गृहस्थ वडिलांकडे आले, बाहेरच उभे राहिले आणि फार मायेने बोलले. "मास्तर, तुमी त्यांच्यातले न्हाईत. तुमी किरिस्ताव. दारावर तुमची खूण काढून ठेवा, म्हंजे आमाला कळंल. तुमच्या माणसांना कोण हात लावणार न्हाई."

वडिलांनी त्याच दुपारी चुना कालवला. आमच्या मंडळीच्या प्रत्येक दारावर त्यांनी वीतभर क्रूस काढला. त्यांचा हात सुरेख होता, रेघा अगदी सरळ आल्या. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, दारांवर खूण केल्यामुळे संकट घरांवरून निघून गेल्याची गोष्ट आहे, ती त्यांच्या मनात असणार. आजही मी त्यांना भित्रा म्हणणार नाही. दहा-बारा घरांची लेकरंबाळं त्यांच्या नजरेसमोर होती. पण त्या चुन्याने वस्तीची उभी दोन शकलं झाली, आणि ती आमच्या माणसाच्या हातून झाली, हे मी झाकून ठेवणार नाही.

आई सरपण घेऊन आली. मोळी टाकली, आमचं दार पाहिलं, मग शेजारचं कोरं दार पाहिलं. वडिलांना एवढंच म्हणाली, "तिच्या दारावर कामून न्हाई काढला?"

"ती आपल्या मंडळीत न्हाई," वडील म्हणाले.

"मंडळीत न्हाई. भिंतीत तर हाय की."

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा निरोप आला, किरिस्तावांचं दळण घेऊ. आईने आमचा डबा भरला. मग मावशीकडे जाऊन तिचाही डबा भरून आणला. माझ्या डोक्यावर मावशीचा, आईच्या डोक्यावर आमचा. गिरणीत पोचल्यावर तिने दोन्ही डबे जमिनीवर मांडले, मावशीचा पुढे, आमचा मागे.

गिरणीवाल्याला कुणाचा डबा कोणता ते बरोबर ठाऊक होतं. मावशीच्या डब्याला पोचा होता. त्याने आमच्या डब्याला हात घातला. आईने झाकणावर हात ठेवला.

"आमचा लंबर तिच्या मागं हाय, दादा. तिचं झालं की आमचं."

"बाई, तिचं न्हाई घेता येत. तुमचं देतो ना करून."

"मंग राहू द्या. आमी थांबताव."

आणि ती थांबली. रांग सोडून बाजूला नव्हे, डब्यांपाशी, पदर खोचून उभी. गावातल्या बाया येत होत्या, डबे ठेवत होत्या, पीठ घेऊन जात होत्या. कुणी बघायचं, कुणी बघायचं नाही. अंधारायला लागलं तसं इंजिन बंद झालं, फळी लागली. आईने दोन्ही डबे उचलायला लावले आणि आम्ही घरी आलो. मला वाटलं, झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

घरात जातं होतं, पण कित्येक वर्षांत त्याला टाकी लागलेली नव्हती. दगडी पाळ्या इतक्या गुळगुळीत झालेल्या, की तासभर ओढावं तेव्हा दोन भाकरींची भरड निघायची. आई आणि मावशी समोरासमोर बसून ओढायच्या. वस्तीतली बरीच माणसं डोक्यावर दळण घेऊन बोरीला जाऊन येत होती. वडीलही म्हणाले, मी बोरीहून आणतो. आई म्हणाली, "ज्याला जायचं त्यानं जावं, कुणाला नावं न्हाई ठेवत. पर आपली गिरणी ही हाय. ही सोडली की ती आपली न्हाईच, असं होतंय."

वडिलांची आणि तिची जुंपली ती तेव्हाच. ते म्हणाले, "हा हट्ट झाला. धीर म्हंजे हे नव्हं. गाव शांत हुईपर्यंत दम धर की जरा."

"म्या काय करायले मंग?" आई उसळली. "दगूड मारला का कुणाला? शिवी दिली? दमच धरून उभी हाय म्या, रोज, चार तास. तुमचा प्रभू क्रुसावर द्यायच्या आधी त्या सुभेदारापुढं उभा होता तवा काय करत होता? गप होता. पर सरकला का? म्हनला का, मला सोडा, ह्या दुसऱ्याला धरा?"

इतकी वर्षं मी वधस्तंभाकडे पाहून फक्त कीव करत आले होते. मार खाणाऱ्या माणसात सुद्धा न सरकण्याची ताकद असते, हे मला एका प्रवचनातून कळलं नव्हतं. ते आमच्या चुलीपुढे, आईच्या त्रासलेल्या आवाजात कळलं. पण कळणं निराळं आणि अंगात येणं निराळं. माझ्या अंगात ते आलं नव्हतं, हे लवकरच दिसलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी आईला ताप भरला. तरी तिने डबे भरून ठेवले आणि मला म्हणाली, "तू जा. मांडायचे आन् उभं ऱ्हायचं. दुसरं काय बी करायचं न्हाई."

मी उभी राहिले. पाय दुखत होते. वर्गातल्या दोन मुली आपापलं पीठ घेऊन गेल्या, जाताना एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या. गरम पिठाचा वास असा येत होता, की तोंडाला पाणी सुटावं. बारा दिवस मी भरड भाकरी चावत होते. गिरणीवाला मधेच माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पोरी, मायीला ताप हाय मनं. आण तुमचा डबा, मऊ दळून देतो. मऊ भाकर खाऊ दे तिला." तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. तो गावाला भिणारा माणूस होता, आणि आम्हाला त्याचा त्रास तेवढाच होत होता.

मी आमचा डबा उचलून पुढे दिला.

आमचं पीठ झालं. त्याने वरून ती मूठ टाकली, झाडून घेतली. मी आमचा जड, गरम डबा डोक्यावर घेतला आणि मावशीचा न दळलेला डबा काखेत धरून घरी आले. रस्ताभर मी मनाशी म्हणत होते, आईसाठीच केलं. खोटं होतं. मला लाज वाटत होती, त्या दोन मुलींची, उभं राहण्याची, सगळ्याची.

आईने झाकण काढून बघितलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. ती तापाच्या अंगाने उठली, तो पिठाचा डबा उचलून मावशीच्या घरात नेऊन ठेवला आणि मावशीच्या जवारीचा डबा आमच्या घरात आणला. मावशी नको नको म्हणत होती. आई म्हणाली, "पोरीकडून चुकून लंबर मागंपुढं झाला. तुझं पीठ आधी, ठरल्यालं हाय आपलं." त्या रात्री मावशीने त्याच पिठाची भाकरी करून आम्हाला आणून दिली. मी ती खाल्ली, रडत खाल्ली, आणि फार मऊ होती. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. सकाळी ताप उतरला नव्हता, तरी डबे भरून ती स्वतः निघाली. मी मागे धावले आणि तिच्या डोक्यावरचा डबा हिसकावून घेतला. मावशीचा.

त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी उभी राहायला लागले. गावाकडे बघून उभी राहायचे, खाली मान घालून नाही.

मग रविवार आला. वडील उपासनेला उभे राहिले. गीत झालं, प्रार्थना झाली. प्रवचनाच्या वेळी त्यांनी शास्त्र उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि मिटलं. म्हणाले, "माजा शेतकरी लय दिवस निवांत बसला. आज प्रवचन न्हाई. घरी जाऊन आपापले डबे घिऊन या." मंडळीला आधी काही कळेना. वडील मंदिरातून निघाले ते थेट आमच्या दारापुढे आले. ओलं फडकं घेऊन त्यांनी क्रूस पुसला. चुना मुरला होता, पुसता पुसेना, तेव्हा शेणाचा पोतारा फिरवला. बारा दारं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली. देवाचं चिन्ह पुसणारा पाळक म्हणून पुढे त्यांच्याबद्दल वर तक्रार गेली, ती वेगळी गोष्ट. मी त्यांच्यावर तेवढं प्रेम कधी केलं नव्हतं.

त्या दुपारी गिरणीच्या दारापासून रस्त्यापर्यंत डबे लागले. सगळ्यात पुढे पोचा आलेला मावशीचा, त्याच्या मागे आमचा, मग मंडळीतल्या सगळ्यांचे, मग उरलेल्या वस्तीचे. बोरीला जाणारेही परत आले. गिरणीवाला आमच्यातल्या ज्याच्या डब्याला हात लावायचा, तो सांगायचा, "आमचा लंबर तिच्या मागं हाय." म्हाताऱ्यांनी सांगितलं, लहान पोरींनी सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी गावातले ते वजनदार गृहस्थ येऊन बघून गेले. ते गेल्यावर गिरणीवाल्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा डब्यांकडे, आणि मावशीचा डबा उचलून पाटात ओतला. त्याचं मन पालटलं वगैरे मी म्हणणार नाही. निम्मं गिऱ्हाईक दारात उभं आणि इंजिन रिकामं फिरतंय, हे कुठल्याच गिरणीवाल्याला परवडत नाही.

मावशीचं पीठ पडलं. आईने आमचा डबा पुढे सरकवला. तेवढ्यात गिरणीवाल्याने सवयीने कणगीत हात घातला आणि जवारीची मूठ वर धरली. इथे मधेच पाट साफ करायची काही गरज नव्हती, मागे सगळे आमचेच डबे होते. पण मोर्चाला गेलेल्या बाईचं पीठ होतं ते. त्याने मूठ टाकली.

आईने मावशीचा डबा पुन्हा तोंडाखाली सरकवला. मुठीचं पीठ मावशीच्या पिठावर पडलं.

"अवो बाई, ते झाडायचंय."

"कामून? चांगली जवारी हाय."

आता ते पीठ झाडून बाहेर जायच्या ऐवजी मावशीच्याच डब्यात पडलं होतं, म्हणजे त्याच्या हिशोबाने पाट साफ झालाच नव्हता. त्याने दुसरी मूठ टाकली. आईने डबा धरला. त्याने तिसरी टाकली. आईने डबा धरला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. खुरपायला बसलेल्या बाईचा असतो तसा चेहरा, अजून पुष्कळ तास आहेत असा. मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गिरणीवाल्याने कणगीत हात घातला, मूठ भरली, आणि आईकडे पाहिलं. ती डबा धरून उभीच होती.

चौथी मूठ त्याने परत कणगीत टाकली. त्या गिरणीत ती मूठ नंतर मी कधी पाहिली नाही.

विद्यापीठाला नाव मिळायला त्यानंतर सोळा वर्षं गेली. संक्रांतीचा दिवस होता. मी माहेरी आले होते. वडील तेव्हा हयात नव्हते. मावशी थकली होती, आमच्याच ओट्यावर ऊन खात बसली होती. मी रेडिओवरची बातमी दोघींना मोठ्याने सांगितली, की नाव दिलं, पण जुनंही ठेवलं, दोन्ही जोडून केलं. मावशीचे डोळे भरून आले. ती आईला म्हणाली, "आला बघ आपला लंबर."

आई तीळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

"अर्धंच दळून दिलंय," ती म्हणाली. "डबा उचलू नगस."